खैरमाळची वेगळी चूल

पारनेर
९ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. राजेश्वरीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

कानानं आता पार दगा दिला बघ. फोन लावला की नुसती माशी घोंगावल्यावानी वाटतं. माझ्या लेकीनं, आरतीनं, कानाचं मशीन आनलं, पन त्यातून मला मानसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. म्हनून ह्यापुढं मला पत्रच लिहीत जा.

माझ्या दिराची सून बनुबाई, तिनं काल उसाच्या फडातून आरतीला फोन केला हुता. तोडीला निघायच्या आधी खैरमाळच्या लोकांनी वेगळ्या ग्रामपंचायतीचा अर्ज दिला, अन् तो तुझ्याच हातात दिला म्हनं. ऐकून मला दोन घास जास्त गेले.

तू कवठदऱ्यात नांदायला गेलीस, सरपंच झालीस, पन जुनं तुला कोन सांगनार? तुझ्या सासरची मानसं तर न्हाईच सांगनार. ग्रामपंचायती झाल्या तवा खैरमाळ, माझं सासर, इवल्याशा वाडीयेवढं हुतं. म्हनून त्याला कवठदऱ्याच्या शेपटाला बांधलं अन् नाव दिलं गट ग्रामपंचायत. मधी येवढा मोठा माळ अन् वढा. घरपट्टी दोघांची, पन दिवे वढ्यापातूर, नळ वढ्यापातूर. पावसाळ्यात वढा चढला की साध्या दाखल्यासाठी आमी पानी उतरायची वाट बघत काठावर बसायचो.

बायकांच्या जागा निघाल्या तवा वाडीतून मी मेंबर झाले. पहिल्याच बैठकीला मला म्हनले, "वहिनी, इथं सही करा अन् आत चहा घ्या." मी चहा घेतला न्हाई. पुढं वाडी वेगळी करायचा ठराव मीच मांडला. त्यांनी ग्रामसभा कवा धरावी? सव्वीस जानेवारीला! सगळी वाडी तोडीला. मी, चार म्हातारी अन् शाळेतली पोरं. तुझा सासरा सरपंच. आबासाहेब उठला अन् शांतपनी म्हनला, "केशरबाई, गाव वेगळं मागताय, पन गावातली मानसं कुठं हायत?" सगळी सभा हसली. पोरांचे हात धरून माळ तुडवत घरी आले.

आता तू खुर्चीवर हायस. काय करनार ते कळव.

तुझी आत्या
केशरबाई

•

कवठदरा, ता. जामखेड
२५ नोव्हेंबर २०२३

ती. आत्यास राजेश्वरीचा नमस्कार.

पत्र मिळालं. दुपारी ओसरीत बसून वाचलं आणि आबा येताना दिसले तशी पदराखाली लपवलं. सरपंच असून पत्र लपवते, हस मला.

अर्ज आला आहे, हे खरं. मी तो पंचायत समितीकडे पाठवला. तिथून उत्तर आलं की दोन्ही गावांच्या ग्रामसभेचा ठराव हवा, आणि तो जानेवारीअखेर हवा. मी मासिक बैठकीत म्हटलं, मुदत वाढवून मागू, मे महिन्यात सभा घेऊ, तेव्हा खैरमाळची माणसं परत आलेली असतात. उपसरपंच अजिनाथराव म्हणाले, "मुदत ती मुदत." पुढच्या बैठकीत ठरेल.

घरातलं काय सांगू? आबांना अर्जाचं कळल्यापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. परवा जेवताना यांना म्हणाले, "ज्ञानेश्वर, मी सून सरपंच केली ती गाव सांभाळायला. फोडायला नाही." हे जेवत राहिले. मीही वाढत राहिले.

आत्या, आबा वाईट नाहीत गं. त्यांना खरंच वाटतं की दोन गावं एकत्र आहेत म्हणून तालुक्यात आपल्याला कोणी विचारतं. मला थोडा वेळ दे. काही गोष्टी मी आत्ता लिहू शकत नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी
राजेश्वरी

•

पारनेर
६ डिसेंबर २०२३

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

थोडा वेळ दे, असं तू लिवलंस. वेळ म्हनजे काय ते मला शिकवू नको. माझी सासू वेळ देत देत मेली.

आबासाहेब वाईट न्हाई, हे मलाबी म्हाईत हाय. वाईट असता तर सोपं हुतं. पन तुझ्या पत्रात मला दुसराच वास आला. खुर्ची गोड लागती, राजे. सरपंचबाई म्हनून टोपीवाला उठून उभा राहतो, ते कुनाला नको वाटंल? अर्धं गाव गेलं तर अर्धी सरपंचकी जाईल, असं तर तुझ्या मनात न्हाई ना? आत्ता लिहू शकत न्हाई अशी गोष्ट दुसरी कंची असनार?

तसं असंल तर तसं लिही. मी रागावनार न्हाई, पन परत विचारनारबी न्हाई.

केशरबाई

•

कवठदरा
२९ डिसेंबर २०२३

ती. आत्यास नमस्कार.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण काही करून मगच लिहायचं असं ठरवलं होतं. खुर्चीचं तू जे लिहिलंस, त्यावर आज काही बोलत नाही.

बैठकीत अजिनाथरावांच्या बाजूनं हात जास्त वर झाले. ग्रामसभा सव्वीस जानेवारीला. तुझीच तारीख. घरी आले तर आबा ओसरीवर पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आबा, परत तीच तारीख?" त्यांनी पेपर खाली केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. नगरला गाडी बदलून प्रवरेच्या पट्ट्यात उतरले, आणि विचारत विचारत खैरमाळच्या टोळ्यांपर्यंत पोचले. सगळीकडे हिरवा ऊस आणि त्याच्या कडेला तोडकऱ्यांनी राहायला घातलेल्या पाचटाच्या कोप्या. बनुबाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रककडे चालली होती. मला बघून मोळी टाकली आणि म्हणाली, "सरपंचबाई, तुमी इथं? गावात कोन मेलं?"

कोणी मेलं नाही म्हटल्यावर तिनं चहा टाकला. त्यांच्या टोळीचा मुकादम रामहरी आला. मी तारीख सांगितली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "वयनी, तोड मधी थांबली तर कारखान्याला आमी काय सांगावं? गाडी रिकामी उभी राहिली की माझ्या नरड्याला येतंय."

"मग ठराव पुन्हा पडेल," मी म्हटलं.

"पडंल तर पडंल. पोट आधी."

मला वाटलं, उठावं आता. तेवढ्यात शेजारच्या कोपीतून एक बाई आली. पाथर्डीकडच्या टोळीतली, नावही मला ठाऊक नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रामहरीला म्हणाली, "मुकादम, एक दिवस तुमच्या वाट्याचा ऊस आमी तोडतो. आमच्या वाडीची सभा आसंल तवा तुमी आमचा तोडा." रामहरी तिच्याकडे बघतच राहिला. मग तिचा मुकादम आला, बीडकडचा एक आला. संध्याकाळपर्यंत बोलणं चाललं होतं. निघताना रामहरी मला बांधापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "येतो म्हनत न्हाई. पन न्हाईबी म्हनत न्हाई."

बनुबाईनं मला विचारलं, "आमी आलो तर घरी तुमाला कोन जेवाय घालंल?" मी म्हटलं, "तुझ्याकडे येईन." ती इतकी हसली की कोयता हातातून पडला.

राजेश्वरी

•

पारनेर
८ जानेवारी २०२४

माझ्या राजेस,

तुझं पत्र आरतीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं अन् मी परत सवता वाचलं. मागच्या पत्रात मी जे बोलले ते धरून बसू नको.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. सभेच्या आधी बायकांची सभा असती. ती नुसती कागदावर करत्यात. तू खरी कर. कवठदऱ्याच्या बायकांनाबी बोलाव, त्यांना वढ्यावर ने, अन् म्हनाव, इथून पुढं घागर घेऊन चाला. दुसरं, हात मोजताना गलका हुतो अन् मग कुनी कायबी आकडा सांगतं. मानसं उठवून दोन बाजूंना उभी कर. उभं राहिलेलं मानूस खोटं मोजता येत न्हाई.

डॉक्टरनं गुडघ्यामुळं परवासाला न्हाई म्हनलंय. मी इथं देवापुढं बसून राहनार.

तुझी आत्या

•

कवठदरा
२८ जानेवारी २०२४

ती. आत्यास,

आत्या, जिंकलो! हे आधी लिहिते, नाहीतर खाली जाईपर्यंत तुझा जीव राहायचा नाही.

आता सगळं सांगते. पंचवीसला बायकांची सभा घेतली. तू म्हणालीस तसं त्यांना ओढ्यावर नेलं. कवठदऱ्याच्या कितीतरी बायका ओढ्याच्या पलीकडे आयुष्यात पहिल्यांदाच गेल्या. ऊसतोडीला न गेलेल्या म्हाताऱ्या विहिरीवर पाणी शेंदत होत्या. आमच्या सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी एका म्हातारीच्या हातातला दोर घेतला आणि दोन घागरी शेंदून दिल्या.

सव्वीसला झेंडावंदन झालं. शाळेच्या मैदानात सतरंज्या टाकल्या. कवठदऱ्याची माणसं येऊन बसली. खैरमाळचे तेवढेच म्हातारे, तेवढीच पोरं. मी माळाकडे बघत राहिले. ग्रामसेवकानं विषय वाचला. अजिनाथराव घड्याळ बघत म्हणाले, "घ्या आता मतदान." मी म्हटलं, चर्चा झाल्याशिवाय मतदान नाही. मग आबा उठले.

आबा चांगलं बोलले, आत्या. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही गावांनी मिळून तलाव कसा बांधला, हायस्कूल कसं आणलं, सगळं सांगितलं. "एका ताटात जेवलेली मानसं आपन. ताट वेगळं केलं तर दोघंबी अर्धपोटी राहू," असं म्हणाले. लोक माना डोलवत होते. मलाही गलबलून आलं.

आणि ते बोलत असतानाच माळावर धुरळा दिसला. आधी एक ट्रॅक्टर. त्याच्यामागं दुसरा. मग टेम्पो, जीप, मोटरसायकली. उसाची पाचटं अजून ट्रॉल्यांना चिकटलेली होती. बायका ट्रॉलीत उभ्या, डोक्याला फडकी तशीच. रात्रभर प्रवास करून आले होते. पोरं सगळी सभा सोडून आयांकडे पळत सुटली, आणि दहा मिनिटं मैदानात सभा नव्हतीच, नुसती गळाभेट होती.

अजिनाथरावांनी हरकत घेतली. म्हणाले, "हे लोक सहा महिने बाहेर असतात. यांचा गावाशी संबंध काय?" बनुबाई पुढं आली. कपाळावर उसाचा काळा डाग होता. म्हणाली, "दादा, आमी जगायला जातो. गाव सोडून न्हाई जात. गाव सोडलं असतं तर रातभर ट्रॉलीत उभं राहून आलो असतो का?" मग आबांकडे वळून हात जोडले. "आबासाहेब, तुमी मागं एकदा इचारलं हुतं, मानसं कुठं हायत. ही हायत बघा."

आबांनी त्या गर्दीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग खाली बसले.

मी सगळ्यांना उठवलं. वेगळ्या पंचायतीच्या बाजूचे शाळेच्या भिंतीकडे, विरोधातले लिंबाकडे. भिंतीकडची गर्दी पार फाटकाबाहेर गेली. आणि कवठदऱ्याच्या बायका जागच्या हलेनात. नवरे लिंबाखाली, त्या मध्ये. मग आमच्या सासूबाई उठल्या, पदर नीट केला आणि सावकाश चालत भिंतीकडे गेल्या. त्यांच्यामागं एकेक करत बायका निघाल्या. ग्रामसेवक दोनदा मोजून आला, पण मोजायची गरजच नव्हती.

मी ठराव मंजूर झाल्याचं ओरडून सांगितलं. रामहरीनं गुलाल आणला होता. येणार की नाही ते न सांगणाऱ्या माणसानं गुलालाची पोती मात्र न विसरता आणली होती! दुपारी तीच माणसं भाकरी बांधून परत फडाकडे गेली, कारण दुसऱ्या दिवशी तोड होती.

त्या रात्री आमच्या घरी स्वयंपाक सासूबाईंनी केला. पहिलं ताट माझं वाढलं.

राजेश्वरी

•

पारनेर
११ फेब्रुवारी २०२४

माझ्या राजेस,

पत्र आलं तवा आरती कामावर हुती. मी सवता वाचलं अन् शेजारच्या मोनिकाच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवलं. तिला कवठदरा कुठं अन् खैरमाळ कुठं, काय ठावं न्हाई, पन तीबी रडली. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. लोक इचारत्यात, नातू झाला का? मी म्हनलं, गाव झालं.

पन मला तुझ्याशी भांडायचंबी हाय. आरतीच्या हापिसातल्या मानसानं सांगितलं, की अशी पंचायत फुटली की जुनी बरखास्त हुती. प्रशासक येतो. सरपंचाची मुदत शिल्लक असली तरी खुर्ची जाती. हे तुला पहिल्यापासून ठावं हुतं! तेच तू लिवत नव्हतीस! अन् मी तुला खुर्चीवरून टोचलं. तू तवाच का न्हाई लिवलंस, की आत्या, ती खुर्ची मीच मोडायला निघालेय?

तुझ्या बापाचंबी असंच हुतं. चांगलं करायचं अन् तोंडानं सांगायचं न्हाई. लई वंगाळ सवय. आता पुढं सगळं लिवायचं.

आत्या

•

कवठदरा
१९ जुलै २०२५

ती. आत्यास नमस्कार.

खुर्ची जाणार हे ठाऊक होतं का, या तुझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. हो, ठाऊक होतं. लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग राहू दे. तुला तसं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून नाही लिहिलं.

मंजुरी यायला दीड वर्ष गेलं. मधल्या काळात तू फोनवर आरतीकडून सगळं विचारत होतीसच. पण मालमत्तेच्या वाटणीची बैठक मी स्वतः लिहून पाठवीन म्हटलं होतं, ती ही.

गट ग्रामपंचायतीची ती शेवटची बैठक. प्रशासक, विस्तार अधिकारी, दोन्ही गावची माणसं. कार्यालय, हायस्कूलची जागा, बाजारतळ, असं एकेक नाव निघत होतं. तलावाचं नाव आलं आणि अजिनाथराव म्हणाले, तलाव कवठदऱ्याचा, विषय संपला. आवाज चढले. रामहरी बाह्या सरसावू लागला.

आबांना कोणी बोलावलं नव्हतं. ते दारातून आत आले, काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "भावाभावांत वाटनी होती तवा रीत काय असती? थोरला वाटे करतो अन् धाकटा आधी उचलतो. आपन थोरले. वाटे आपन केले. आता खैरमाळनं आधी उचलायचं."

अजिनाथराव म्हणाले, "आबा, ते तलाव उचलतील!"

"उचलू दे. बहात्तरला त्या कामावर हजेरी घ्यायला मी हुतो. दगड कुनी वाहिले ते मी बघितलंय."

बनुबाई उठली. "तलाव आमचा," ती म्हणाली, "पन गुरं दोन्ही गावची पितील. त्याला कुनी आडवलं तर मी सवता काठी घेऊन उभी राहीन." आबा हसले. आत्या, दीड वर्षात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अजिनाथरावांनीसुद्धा, जरा उशिरा.

मी कार्यालयाची किल्ली प्रशासकाकडे दिली. बाहेर आले तर आबा पायरीवर थांबले होते. म्हणाले, "चल, सरपंच." मी म्हटलं, "आता कुठली सरपंच?" ते म्हणाले, "मला ज्या नावानं हाक मारायची ती मी मारनार." आणि आम्ही दोघं चालत घरी आलो.

आता खैरमाळची पहिली निवडणूक आहे. बनुबाईचं नाव बिनविरोध निघेल असं दिसतं. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर ये. खैरमाळचं तुझं घर झाडून ठेवलं आहे.

राजेश्वरी

•

खैरमाळ, ता. जामखेड
३ ऑक्टोबर २०२५

माझ्या राजेस,

तू काल सभा संपेपातूर थांबली असतीस तर बरं झालं असतं. पन तुझ्या सासूला ताप, तुला जानं भाग हुतं. म्हनून आज सकाळीच बसून लिवते. रामहरीचं पोरगं मोटरसायकलवर कवठदऱ्याला चाललंय, त्याच्या हाती देते. पोष्टाची वाट कोन बघनार?

तू गेलीस अन् पहिल्या ग्रामसभेला खरा रंग चढला. बनुबाई सरपंचाच्या खुर्चीवर अवघडून बसली हुती, निम्मी आत निम्मी भाईर. पहिला ठराव पोरांच्या वसतिगृहाचा झाला. आयबाप तोडीला गेले तरी पोरं हितंच शाळेत राहनार. त्याला सगळ्यांनी हात वर केले, मीबी दोन्ही केले.

मग निघाला विहिरीचा विषय. नवी विहीर कुठं खनायची? रामहरी म्हनला असंल देवळामागं, कारन त्यानं तिकडं बोट केलं. त्याचा चुलता उठला, त्यानं दुसरीकडं बोट केलं. बायका उठल्या, त्यांनी तिसरीकडं. बनुबाई खुर्चीवरून उठून टेबल बडवाय लागली. म्हातारी मानसं काठ्या उगारत्यात, पोरी मधी बोलत्यात, ग्रामसेवक बिचारा कुनाचं लिवू म्हनून पेन वर धरून बसलाय.

मला काडीचं ऐकू येत न्हवतं. मी पुढच्या रांगेत बसून नुसती तोंडं बघत हुते. येवढी वर्षं आमी कवठदऱ्याच्या सभेत सतरंजीच्या कडंला बसायचो, अन् आमच्यातलं एकबी तोंड उघडत न्हवतं. काल एकबी मिटलेलं न्हवतं.

दिवस मावळला तरी विहिरीचं ठरलं न्हाई. आज परत बसनार हायत. मी लवकर जाऊन पुढची जागा धरते.

तुझी आत्या
केशरबाई